रांगेतली वीज

हेस्टवीक गावच्या मत्स्यबीज केंद्रात सकाळी लाखो पिल्लं मरून तरंगत होती. रात्री कुणीतरी वीज तोडली आणि पाण्यात हवा सोडणारे पंप थांबले. जनरेटर दुरुस्तीला गेलाय, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"तो मच्छीमार यार्लेच. दुसरं कोण?" मालक शेतिल म्हणाला. "माझ्या घाणीनं खाडीतले मासे गेले म्हणून रोज शिव्या घालतो."

पोलीस अधिकारी गुन्वोर रोहित्राच्या खोलीत गेली. कुलूप शाबूत होतं. आत वीज तोडून तारांना जमिनीशी जोडणारे चिमटे नीट बसवलेले होते. हे यार्लेचं काम वाटत नव्हतं.

तरी ती धक्क्यावर त्याच्याकडे गेली. "यार्ले, तारांना चिमटे कसे लावतात?"

"मला काय विचारतेस? माझा जन्म होडीत गेला. मी असतो तर कुऱ्हाड घातली असती."

हे खरंच होतं. दुपारी ती वडिलांच्या स्वयंपाकघरात बसली. वडील आस्लाक निवृत्त लाईनमन होते. त्यांनी कॉफी ओतली.

"बाबा, रोहित्राच्या खोलीची किल्ली परत दिली नव्हतीत ना?"

"मागितली कुणी?"

"घातपात करणारा जाताना कुलूप लावत नाही. चिमटेही लावत नाही. दुरुस्तीला येणारा मरू नये म्हणून ते लाईनमनच लावतो. आणि गावात तुमच्याशिवाय लाईनमन नाही."

"वीज कंपनीचा रोआर बाहेरून येणार होता दुरुस्तीला. त्याला दोन लेकरं आहेत."

"आणि हे सगळं आईसाठी."

आस्लाकने मान डोलावली. गावचं नवं शुश्रूषागृह बांधून तयार होतं, पण वीजवाहिनीला आणखी भार पेलत नसल्यानं त्याला जोडणी मिळत नव्हती; ते रांगेत होतं. उरलेली सगळी वीज शेतिलला मिळाली होती. दोन हिवाळे आई खाडीपलीकडच्या गावात, तिथल्या शुश्रूषागृहातल्या परक्या खोलीत होती.

"शेतिल बंद पडला की वीज आपल्याला. रांगेत पहिला नंबर आपलाच आहे."

"तसं नसतं, बाबा. केंद्र बंद पडलं तरी त्या विजेवर हक्क शेतिलचाच. करार त्याच्या नावावर आहे."

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. "म्हणजे मासे उगाच मेले."

"हो."

"रविवारी तुझ्या आईकडे कोण जाईल?"

"मी जाईन."

"तुला ती ओळखत नाही."

"तुम्हालाही नाही ओळखत, बाबा."

"नाही. पण हात धरू देते."

गुन्वोरला रडू आवरेना. त्यांना ठाण्यावर न्यायचं होतं; तशीच उठून तिने त्यांचा कोट आणला आणि त्यांना तो घालायला मदत केली.