हा गडी आमचाच!

खंडेनवमीला घरातल्या यंत्रांची पूजा करायची, हा नाशिकच्या नक्षत्रबन सोसायटीचा जुना शिरस्ता. २०८४ साली चेअरमन क्षेमकल्याणींच्या अंगात जरा जास्तच उत्साह संचारला. चाळीस घरांतले चाळीस यंत्रगडी त्यांनी तळघरात जमवले आणि पूजेआधी पितळी भांड्यांसारखे चिंचेने लख्ख घासून घेतले. त्यात पाठीवरचे घरक्रमांकही गेले. शेवटी ज्याच्या हाती जो लागला, तो त्याला घेऊन गेला.

"त्यांनाच विचारू या ना, कुठल्या घरचे ते," चेअरमन म्हणाले.

"खासगीपणाचा कायदा आहे," सोसायटीतल्याच संभाव्यताशास्त्रज्ञ डॉ. वैजयंती गर्गे म्हणाल्या. "नाव, चेहरा, पत्ता त्यांच्या स्मृतीत ठेवतच नाहीत. घरात काय बोललं गेलं तेवढं राहतं."

"तेवढं राहतं?" चेअरमनांचा आवाज चिरकला. "बरं, आपलाच गडी किती जणांना मिळाला असेल?"

"सरासरी एकाला. घरं चाळीस असोत की चार हजार, उत्तर तेच. घरं वाढली की प्रत्येकाची संधी घटते, पण संधी असलेले लोकही तेवढेच वाढतात."

तरी दोन दिवसांनी भरलेल्या सभेत जो तो छातीठोकपणे सांगू लागला, "आमचा आमच्याकडेच आलाय." नाही म्हणायचं, तर आपली भांडणं दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोचली हे कबूल करायचं! अपवाद फक्त इंदुमती सानेआजींचा. त्यांच्या यजमानांनी शेवटच्या आजारपणात यंत्रगड्याला आपल्यासारखं भांडायला शिकवलं होतं, मागे बायकोला घर खायला उठू नये म्हणून.

"हा मेला माझं सगळंच ऐकतो," आजींचे डोळे भरून आले. "हा आमचा नव्हे हो."

"एकोणचाळीस बरोबर, चूक फक्त एक!" चेअरमन खूश झाले.

"ते अशक्य आहे," गर्गेबाई म्हणाल्या. "एकोणचाळीस आपापल्या घरी पोचले असतील, तर उरलेला आजींचाच असणार."

"झालं! गणितानेच सांगितलं. आजी, हा तुमचाच."

आजींनी डोळे पुसले आणि यंत्रगड्याला पुढे ओढलं. "आमचा म्हणता ना? मग आमच्या घरचं चारचौघांत ऐकवायला मला कसली लाज? बोल रे बाळा. शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल घरात काय काय बोलणं व्हायचं?"

यंत्रगड्याने घसा खाकरला.

"थांबा! तो आमचा आहे!" चेअरमन ओरडले. पाठोपाठ अख्खी सभा उठली. एका गड्यावर अडतीस घरांनी हक्क सांगितला. मागच्या रांगेत एकटे चांदवडकर मजेत बसून होते.

"आपलाच गडी मिळालेला एकच. म्हणजे सरासरी अगदी बरोबर," गर्गेबाई पुटपुटल्या, आणि आपणही उभ्याच आहोत हे ध्यानात येऊन लाजल्या.

मग मुकाट्याने अदलाबदल सुरू झाली. आजींचा गडी सापडला चेअरमनांकडे. दोन दिवस तो त्यांना उठता-बसता झापत होता, तरी ते 'आमचाच' म्हणत होते.

"इतका वेळ लागतो होय शोधायला?" आजींचा आवाज ऐकताच तो कडाडला.

"तोंड आवर," म्हणत आजींनी त्याचा हात घट्ट धरला, आणि दोघं भांडत भांडत जिना चढू लागली.