चाकामागचा दगड

कळंबच्या माणिकप्पा अडत्याला सोमवारच्या बाजारासाठी सोलापूरहून मीठ आणायचं होतं. गोष्ट सुरू झाली ती एवढ्यावरून.

नबीलालचाचांनी ती आम्हाला त्याच अडतीच्या ओट्यावर सांगितली. जेवणं झाली होती. कंदिलाची वात बारीक केली होती. मला आणि महारुद्रला नुकतंच लायसन मिळालं होतं, आणि घाटात गाडी कशी चढवायची ते सांगा म्हणून महारुद्र चाचांच्या मागं लागला होता.

"सांगतो," चाचा म्हणाले. "पण ऐकीव न्हाय बरं का. गफार माझ्या हाताखाली शिकलेला. रात्रीचं त्यानं मला सांगितलं. सकाळचं म्या डोळ्यानं बघितलं."

गफार सहा वर्षं चाचांच्या गाडीवर क्लिनर होता. त्या वेळच्या पेट्रोलच्या गाड्या भरलेल्या असल्या की घाटात दम टाकायच्या. म्हणून चढाला क्लिनर खाली उतरायचा आणि खांद्यावर मोठा दगड घेऊन मागच्या चाकाबरोबर चालायचा. गाडी बंद पडली की दगड चाकामागं. मग गाडीच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर, थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. घाट संपला की ड्रायव्हर गाडी हळू करून ओरडायचा, "चल, बस!" आणि क्लिनर पळत येऊन डाव्या दारानं आत चढायचा. सहा वर्षं गफार ही हाक ऐकून चढत आला होता.

सन एकसष्टच्या डिसेंबरात त्याला लायसन मिळालं. माणिकप्पानं त्याला जुनी गाडी दिली आणि म्हणाला, "ही एक खेप बघतो. सोमवारी दिवस उगवायच्या आत मीठ माझ्या दारात उतरलं, तर गाडी तुझी. न्हायतर पुन्हा क्लिनर. मग माझ्याकडं तोंड वेंगाडू नको."

बरोबर क्लिनर म्हणून बिराप्पा दिला. पन्नाशीचा धनगर. गफारला त्यानं कडेवर खेळवलेलं.

"आता तुमाला डायवरसाब म्हणायचं का?" बिराप्पानं विचारलं.

"म्हण की."

"म्हणतो. आदी नाक पूस."

रविवारी, दहा तारखेला, सोलापुरात मीठ भरेपर्यंत संध्याकाळ झाली. आणि बिराप्पाला थंडीताप भरला. दोन घोंगड्या अंगावर टाकल्या तरी दात वाजत होते. गफारनं त्याला पेठेत ओळखीच्या माणसाकडं निजवलं आणि उठला.

"कुठं निगालास?" बिराप्पानं विचारलं.

"कळंबला."

"एकटा? तुळजापूरचा घाट हाय मधी. चाकाला दगड कोण लावंल, तुझी सासू?"

"गाडी बंद पडू देत न्हाय म्या."

"आरं, उजाडू दे. भरल्या गाडीला क्लिनर न्हाय तर घाट चढू नये. नबीलालनं तुला हेच शिकवलं का?"

उजाडेपर्यंत थांबलं तर कळंबला पोचायला दुपार होणार होती. सहा वर्षं ज्याची वाट बघितली, ते एका तापापायी जाणार होतं. गफारनं बिराप्पाच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, आणि बिस्मिल्ला म्हणून गाडी चालू केली.

तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. अमावास्या होऊन दोन-तीनच दिवस झालेले. चंद्राची कोर केव्हाच बुडाली होती. सव्वाअकराच्या सुमाराला गाडी घाटाच्या पायथ्याशी आली. गफारनं थांबून रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, इंजिन निवू दिलं आणि पहिल्या गिअरमध्ये चढ धरला.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

आता बघा, चाचा आम्हाला म्हणाले. पाय ब्रेकवर आहे तोवर गाडी उभी. पण चालू करायची तर तोच पाय ॲक्सिलेटरवर न्यावा लागतो. हँडब्रेक नावालाच. खाली उतरून दगड लावावा, तर उतरणार कसा? मागं शंभर पोती मीठ. त्याच्या मागं उतार. आणि उताराच्या कडेला दरी.

गफारनं पाय जोरात दाबून धरला. पोटरी थरथरायला लागली. ब्रेक हळूहळू खाली जायला लागला. गाडी मागं सरकली. वीतभर. मग हातभर. गफारनं डोळे मिटले.

खट्.

गाडी थांबली. मागच्या चाकाखाली दगड आल्यावर बसतो, तसा धक्का बसला.

आणि मग फाळक्यावर थाप पडली. एक... दोन.

"कुणीतरी वाटसरू असंल," महारुद्र म्हणाला.

"त्यालाबी तसंच वाटलं," चाचा म्हणाले. "सोलापुरातनं कुणी मागं चढून बसलं असंल, असं. लई हायसं वाटलं त्याला."

गफारनं गाडी चालू केली. गाडी चढली. तिसऱ्या वळणाला पुन्हा बंद पडली. या वेळी गाडी बोटभरही मागं आली नाही. दगड आधीच तिथं होता.

दोन थापा.

"कोन हाय वं?" गफार खिडकीतून ओरडला.

कुणी बोललं नाही. त्यानं बाजूच्या आरशात बघितलं. मागच्या दिव्याचा लाल उजेड रस्त्यावर पडला होता. त्या उजेडात चाक दिसत होतं. चाकामागं दगड दिसत होता. दगडाजवळ कुणी नव्हतं.

त्यानंतर घाट संपेपर्यंत गाडी तीनदा बंद पडली. तीनदा दगड लागला. तीनदा दोन थापा पडल्या. गफारनं पुन्हा आरशात बघितलं नाही. त्याला एवढंच कळत होतं की गाडी वर चाललीय, आणि ती एकट्या माणसाला चढत नसते.

घाट संपला. रस्ता सपाट झाला. इंजिनाचा आवाज मोकळा झाला. आणि इथंच गफार चुकला.

"काय केलं?" मी विचारलं.

चाचांनी कंदिलाची वात आणखी बारीक केली.

"सहा वर्षांची सवय, पोरा. घाट संपला की गाडी हळू करायची. त्यानं केली. आन तोंडातनं गेलं..."

"काय?"

"चल, बस!"

बोलल्यावर गफारच्या ध्यानात आलं. त्यानं ॲक्सिलेटर दाबला. पण उशीर झाला होता.

डावं दार उघडलं. गार वारा आत आला.

दार लागलं.

गफारनं मान वळवली नाही. समोर बघत राहिला. हात स्टेअरिंगला चिकटल्यासारखे झाले होते. तुळजापूर मागं गेलं. एकही दिवा नव्हता. धाराशिव गेलं. नाक्यावरचा शिपाई बाकड्यावर झोपला होता. थांबावं, हाक मारावी... पण थांबलं तर खाली उतरताना डावीकडं बघावं लागेल.

तो थांबला नाही.

येडशीच्या जंगलात धुकं उतरलं होतं. दिव्याचा उजेड चार हातांवर संपत होता. गफार जोरात चालवत होता. कळंब गाठायचं, एवढंच डोक्यात. तेवढ्यात...

डाव्या दारावर थाप पडली.

एकच.

गफारनं ब्रेक दाबला. गाडी घसरत जाऊन थांबली. धुक्यातून बैलाचं शिंग दिसलं. मग गाडीवानाचं मुंडासं. पाच-सहा बैलगाड्या, एकामागं एक, कंदील नाही, गाडीवान झोपलेले. कुठल्या तरी बाजाराला निघालेले. पहिल्याच गाडीत एक बाई लेकराला पोटाशी धरून निजली होती. दोन हातांचं अंतर राहिलं होतं.

गाडीवान दचकून जागे झाले, गाड्या कडेला झाल्या.

गफार तसाच बसून राहिला.

मग दारावर दोन थापा पडल्या.

महारुद्रनं आपली घोंगडी जवळ ओढली. "बिराप्पा," तो हळूच म्हणाला. "तापात गेला असंल. त्याच रात्री. तोच आला असंल."

"बिराप्पा?" चाचा हसले. "बुधवारी एसटीनं आला की. ठणठणीत. आजबी शेरडं राखतो. मागच्या महिन्यात माझ्याकडनं तंबाखू घेऊन गेला."

"मग कोन होतं?"

बाहेर कुत्रं भुंकलं आणि थांबलं.

"सकाळचं ऐका," ते म्हणाले.

पावणेपाचला गाडी अडतीसमोर येऊन उभी राहिली. चाचा तिथंच होते. गफारची पहिली खेप म्हणून त्यांनाही झोप नव्हती. माणिकप्पा धोतर सावरत बाहेर आला, पोत्यांवर हात फिरवला आणि खूश झाला.

"शाब्बास! गाडी तुझी. आजपासून तूच डायवर."

गफार उतरला नाही. समोर बघत बसला होता. चाचांनी जवळ जाऊन दार उघडलं. पोराचा चेहरा मिठासारखा झालेला. ओठ हलत होते. चाचांनी कान दिला.

"उतर," तो म्हणत होता. "आलं कळंब. आता उतर..."

"कुनाला म्हणतोस रं?" माणिकप्पानं विचारलं. "क्लिनर कुठाय तुझा?"

चाचांनी त्याला हाताला धरून उतरवलं. तो डावीकडं न बघताच उतरला.

हमालांनी मीठ उतरवलं. शंभर पोती. झाडून घेतलं. गाडी रिकामी झाली तशी वर उचलली गेली. पण उजवीच बाजू. डावी खालीच राहिली.

"स्प्रिंगचा पाटा मोडला काय?" माणिकप्पा म्हणाला. चाचा गाडीखाली शिरले. एकेक पाटा हातानं चाचपला. सगळे धड होते. चाकात हवाही बरोबर होती.

तेवढ्यात एक हमाल, रामकिसन म्हणून होता, बिडी पेटवायला उजव्या पायरीवर चढून उभा राहिला.

गाडी सरळ झाली.

त्याला काही कळलं नाही. त्यानं बिडी ओढली. धूर सोडला. मग खाली उतरला.

गाडी हळूच पुन्हा डावीकडं झुकली.