तिसरा द्रोण

गरोदर बाईचं नाक कुत्र्यापेक्षा तिखट असतं, हे वृषालीला सातव्या महिन्यात पक्कं कळून चुकलं होतं. शेजारच्या घरी फोडणी पडायच्या आधी तिला भाजी कुठली ते कळे. नवऱ्याच्या अंगाला येणारा कारखान्यातल्या पाइपांचा वास, बाथरूमच्या मोरीचा वास, नव्या प्लास्टिकच्या बादलीचा वास, सगळ्यांनी तिला वात आणला होता. त्यात नणंदेने, सविताने, जाहीर केलं की डोहाळजेवण नावेतच करायचं.

पाळण्यातले डोहाळे झाले, बागेतले झाले, चांदण्यातले झाले. नावेतले डोहाळे मात्र आपल्या कॉलनीत अजून कुणी केले नाहीत, असं सविताचं म्हणणं. नवऱ्याला, प्रशीलला, तर तेच हवं होतं. त्याला पक्ष्यांच्या फोटोंचा नाद. सातपुड्याच्या पायथ्याला एका धरणाचं पाणी जंगलात आत शिरलंय, तिथे आमश्या नावाचा वाटाड्या शिडाच्या नावेतून पाणमांजरं दाखवतो, हे त्याने कुठून तरी शोधून काढलं होतं. इंजिनाच्या आवाजाने पाणमांजरं बुजतात, म्हणून शीड. बायकोचे डोहाळे आणि नवऱ्याची हौस एकाच नावेत बसली.

“दवाखाना जवळ नाही तिथे,” वृषाली एवढंच म्हणाली. जास्त बोलायची तिची हिंमत नव्हती. दोन वर्षांपूर्वी असाच सातवा महिना होता, आणि एका दुपारी पोटातलं हलणं थांबलं ते थांबलंच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला नेम ती मोडत नसे. दुपारी जेवल्यावर डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळाच्या लाथा मोजायच्या. दहा झाल्या की उठायचं. ते दहा होईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागलेला असे, आणि घरात ते फक्त सासूला, कलाबाईंना, ठाऊक होतं.

“मी हाये ना संगं,” कलाबाई म्हणाल्या. “काबरं भेतं? बुद्धवंदना घेऊ, चार घास खाऊ, फोटो काढू, अन् घरी येऊ. ओटी-बिटी आपल्यात नाही, तेवढी कटकट वाचली.”

डिसेंबरातल्या एका रविवारी जळगावहून सकाळी सहाला गाडी निघाली. नऊच्या सुमाराला मंडळी काठावर होती, आणि वृषालीने पहिला श्वास घेतला तोच पदर नाकाला लावला. गाळाचा वास, कुजक्या शेवाळाचा वास, आणि त्या सगळ्याखाली काहीतरी गोडसर. फळ आतून सडलं की येतो तसला.

आमश्या पन्नाशीचा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. नाव लाकडी, सपाट बुडाची. शीड मात्र बघण्यासारखं. जुने वाढदिवसाचे फ्लेक्स शिवून केलेलं. कुठल्याशा भाऊंचा अर्धा चेहरा त्यावर हसत होता, गॉगलसकट. सविता पोट धरून हसली. तिने फोनवर सांगितल्याप्रमाणे आमश्याने पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण लावून ठेवले होते, पानांची झाकणंसुद्धा.

“तठे झाडंसमा शिरतस ना, तोवर काही खावानं नही,” निघताना आमश्या प्रशीलला म्हणाला. “मी सांगसू, मंग खावा.”

प्रशीलला वाटलं, पाणमांजरांना माणसाच्या खाण्याची सवय लागू नये म्हणून नियम असेल. त्याला तो नियम फार आवडला, आणि कॅमेऱ्याची लेन्स पुसता पुसता तो बायकांना सांगायचा विसरला. शिकलेल्या माणसांचं असंच असतं. दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ ते आपला आपणच लावून मोकळे होतात.

तासाभराने नाव बुडालेल्या झाडांजवळ आली. साग, मोह, ऐन, सगळी अर्ध्या खोडापर्यंत पाण्यात बुडून, मरून उभी होती. फांद्याफांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले, आणि त्यांच्या विष्ठेने खोडं वरपासून खालपर्यंत पांढरी झालेली. ती विष्ठा पाण्यात पडून पडून पाण्यावर साय धरली होती. वल्हं त्यात बुडलं की साय फाटे आणि खालून बुडबुडे येत. एकेक बुडबुडा फुटला की तोच गोडसर वास. वृषालीने श्वास रोखला. तोंडाने घ्यावा तर तो वास जिभेवर बसत होता.

“ताई, आता पुरे. आधी काठावर जाऊ,” ती म्हणाली.

“अगं, एवढा एक खेळ राहिलाय. मग जाऊच,” सविता म्हणाली.

खेळ म्हणजे पेढा-बर्फीचा. एका द्रोणात पेढा, एकात बर्फी, दोन्हींवर झाकण. पेढा लागला तर मुलगा, बर्फी लागली तर मुलगी. सविताने त्यात आपली भर घातली होती. नुसतं झाकण उघडायचं नाही, डोळे बांधून जे हाताला लागेल ते सरळ तोंडात टाकायचं, म्हणजे व्हिडिओ छान येतो. तिने थंड डब्यातून पेढा आणि बर्फी काढली, द्रोण फळीवर मांडले, ओढणीने वृषालीचे डोळे बांधले. आमश्या शिडाच्या पलीकडे दोर ओढत होता. त्याला हे काहीच दिसत नव्हतं.

तेवढ्यात नाव पाण्याखालच्या कुठल्या तरी बुंध्याला घासली. सगळ्यांना हिसका बसला. नावेच्या टोकाला, वृषालीच्या पाठीमागे ठेवलेलं काहीतरी फळीवरून घसरत आलं आणि तिच्या मांडीपाशी थांबलं. सविता मोबाइल सावरत होती, कलाबाई भरताचा डबा.

“हं, घे आता,” सविता म्हणाली.

वृषालीने हात पुढे केला. पान लागलं, पानाखाली थंड, ओलसर गुळगुळीत काहीतरी लागलं. थंड डब्यातल्या बर्फीला घाम सुटला असेल, असं तिला वाटलं. श्वास तर तिने रोखूनच धरला होता. एकदाचं संपू दे म्हणून तिने ते तोंडात टाकलं आणि चावलं.

ते दाताखाली तुटलं नाही. रबरासारखं दबलं, सरकलं, आणि त्यातून कोमट, लोखंडाच्या चवीचं पाणी जिभेवर उतरलं. थुंकावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण घसा तिचं ऐकेना. तो स्वतःहून हलला आणि तो गोळा खाली गेला. वाटेत कुठेही न अडकता, एखाद्या ओळखीच्या घरात शिरावं तसा.

तिने ओढणी ओरबाडून काढली. पुढ्यात दोन द्रोण होते, झाकलेले, पेढा आणि बर्फी जागच्या जागी. तिसरा द्रोण तिच्या मांडीला टेकलेला होता. रिकामा. तळाला रक्ताचा पातळ थर आणि मिठाचे दोन खडे.

आमश्या शिडाखालून वाकून अलीकडे आला. त्याने तीन द्रोण पाहिले. मग वृषालीच्या ओठांकडे पाहिलं.

“हाऊ द्रोण… कोनी उघाडा?”

त्याने ओंजळ तिच्या तोंडाखाली धरली.

“ताई… थुकी टाक.”

“गिळलं,” वृषाली म्हणाली.

आमश्याने रिकामा द्रोण उचलून घेतला. त्याने सांगितलं ते थोडक्यातच, आणि पाण्याकडे बघत. “आठे खाले आमनं गाव शे. मनी बायको भुरीबाई… सातवा महिना व्हता. तिले कलेजी खावानी व्हती. मी कोंबडं कापं, तोवर ती गयी. पोटमा लेकरू तसंच. मोहना झाडखाले पुरेल शे. मंग धरननं पानी उनं, बठ्ठा लोके निंघी गयात… ती ऱ्हायनी.” त्याने बोटाने खाली पाण्याकडे दाखवलं. “तवयपाईन आठे कोनी बी येवो, पहिला वाटा तिना.”

“काय बोलता, भाऊ?” कलाबाई म्हणाल्या. “पोटुशा बाईसमोर असं बोलता का? आपण नाही मानत हे.” पण त्यांनी वृषालीचा हात घट्ट धरला होता.

“आई, गप. तिकडे बघा,” प्रशील कुजबुजला.

पाणमांजरं आली होती. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती सात डोकी पाण्यावर नावेपासून हातभर अंतरावर होती. त्यांनी बुडी मारली नाही, शीळ घातली नाही. ओल्या मिशा, काळे बटणाएवढे डोळे, आणि सातही जणांची नजर एकाच जागी. वृषालीच्या तोंडावरही नाही. पोटावर. प्रशीलचा कॅमेरा आनंदाने खटखट वाजत होता, आणि त्या क्षणी तिला आपल्या नवऱ्याची मनापासून किळस आली.

“त्या रोज द्रोणना मांगे येतस,” आमश्या म्हणाला. त्याने शीड सोडलं. वारा होता. फ्लेक्सवरचा अर्धा चेहरा फुगून गलेलठ्ठ झाला. पण नाव जागची हलली नाही. आमश्याने बांबू टेकून जोर लावला, प्रशील मदतीला गेला. नाव नुसती कण्हली.

वृषाली नावेच्या काठावरून वाकली. ओकारी काढायची, काहीही करून ते बाहेर काढायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने दोन बोटं घशात घातली. काहीच आलं नाही. तोंडापासून पाणी फक्त दोन वितींवर होतं, त्यावरची साय तिच्या श्वासाने दुभंगली, आणि खाली तिला मोहाच्या फांद्या दिसल्या. पानं असलेल्या. हिरवीगार. वर सगळं जंगल मेलेलं आणि खाली ते एक झाड पालवलेलं.

“माझं बाळ नको,” ती पाण्याला म्हणाली. हलक्या आवाजात, सासूला ऐकू जाऊ नये म्हणून. “दुसरं काहीही ने.”

एक बुडबुडा आला आणि तिच्या ओठांवर फुटला. पाणमांजरं एकेक करून बुडाली. नाव झटक्याने सुटली.

तेव्हापासून पोटातलं बाळ हललं नाही. काठ येईपर्यंत नाही, गाडीत नाही. वृषाली डाव्या कुशीवर पडून होती, कलाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून, आणि शून्यापुढे तिचं मोजणं सरकत नव्हतं. सविता पुढच्या सीटवर मुसमुसत होती. निघताना आमश्या गाडीच्या खिडकीशी येऊन एवढंच म्हणाला होता, “भेवू नको, ताई. ती कोनं लेकरू लेत नही. ती भुकी शे, बस.”

जळगावला डॉक्टरीणबाईंनी पोटाला यंत्र लावलं. खोलीभर टपटप आवाज घुमला. ठोके उत्तम. बाळ एकच, जागेवर, झोपलेलं होतं इतकंच. त्यांचं बोलणं संपायच्या आत पोटात लाथ बसली. वृषाली ढसाढसा रडली, प्रशीलही रडला, आणि कलाबाईंनी दवाखान्यातल्या सगळ्यांना थंड डब्यात उरलेले पेढे आणि बर्फी वाटून टाकली.

मार्चमध्ये मुलगी झाली. मयुरी. तीन किलोची, गोरीगोमटी, खणखणीत आवाजाची. गोष्ट इथे संपायला हवी होती.

सव्वा महिना झाल्यावर एका दुपारी वृषाली जेवून डाव्या कुशीवर पडली. मयुरी पाळण्यात झोपली होती. आणि तिच्या पोटात, आतून, लाथ बसली. गॅस असेल, ती मनाशी म्हणाली. दुसरी बसली. सवयीने ती मोजू लागली. बरोबर दहा झाल्या, आणि मग तिच्या तोंडाला पाणी सुटलं. एवढं, की उशी ओली झाली.

त्या दिवशी प्रशीलने मटण आणलं होतं. ओट्यावर ताटलीत कलेजी वेगळी काढून ठेवलेली. वृषालीने जन्मात कधी कलेजीला बोट लावलं नव्हतं. पुढचं तिला आठवतं, पण ते ती आठवत नाही. पोटातलं शांत झालं तेव्हा ती मोरीपाशी उभी होती, आणि मिठाची बरणी उघडी होती. तिला स्वतःच्या हातांची, हनुवटीची, समाधानाने आलेल्या त्या ढेकराची अशी शिसारी आली की तिने तीनदा साबणाने तोंड धुतलं. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासलं. पिशवी स्वच्छ आहे म्हणाल्या. बाळंतपणानंतर होतात असे भास.

मयुरी आता दीड वर्षाची आहे. घरभर पळते. पोटातलं मात्र वाढत नाही आणि जातही नाही. लाथेचा जोर अजून सातव्या महिन्याचाच. वृषाली रोज दुपारी दहा मोजते, आणि फ्रीजच्या मागच्या कप्प्यात एक झाकलेली वाटी असते. तिच्याबद्दल घरात कुणी विचारत नाही.

परवापासून मयुरी आपल्या हाताने जेवायला लागली. कलाबाई कौतुकाने बघत होत्या. पोरीने वरणभाताचा पहिला घास उचलला. तोंडाशी नेला नाही. ती उठली, दुडूदुडू चालत आईपाशी आली, आणि तो घास तिने आईच्या पोटाला लावून धरला. बराच वेळ. मग परत जाऊन आपल्या ताटलीपुढे बसली आणि जेवू लागली.

तिला हे कुणी शिकवलं, ते वृषालीने अजून कुणाला विचारलेलं नाही.