शून्यावर अडकलेला वारा

"शून्य! आजही शून्यच!" बंदरावरच्या बोर्डाकडे बोट दाखवत भार्गवी ओरडली.

"मग बिघडलं काय?" तिखट-मीठ लावलेली कैरीची फोड मनस्विनीने तोंडात टाकली. "वारा नाही म्हणून शून्य. घाम बघ किती येतोय!"

मनस्विनी ही भार्गवीची मामेबहीण. मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याहून आलेली. तिला कातळवेळ बंदराची खोड ठाऊक नव्हती. हे बंदर डोंगराच्या आडोशाला. बाहेर समुद्रावर कितीही वारा सुटला, तरी इथे जेटीवर पान हलत नाही! म्हणून गेल्या वर्षी टेकाडावरच्या मच्छीमार सोसायटीच्या गच्चीवर हवामानाचं यंत्र बसवलं होतं. त्याचे आकडे जेटीवरच्या बोर्डावर उमटायचे. वाऱ्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या वर गेला की बोर्डावर लाल दिवा लागायचा. दिवा लागला की एकही बोट बाहेर पडायची नाही.

भार्गवीने वही उघडली. सुट्टी लागल्यापासून ती रोजचे आकडे टिपून ठेवत होती. "हे बघा. तापमान रोज बदलतंय. वारा मात्र तीन दिवस शून्य! आणि काल संध्याकाळी आमच्या बागेत वाऱ्याने टोपलीभर आंबे पडले. ते काय आपोआप पडले?"

"आणि पहाटेचा मतलई वारा?" तिच्या वर्गातला केतन कपाळाला आठ्या घालून म्हणाला. "जमिनीवरून समुद्राकडे रोज वाहतो तो. तोपण शून्य?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. काहीतरी नक्की गडबड होती!

केतनचे बाबा, जानूकाका, बोटीत बर्फ भरत होते. जूनपासून मासेमारी बंद होणार, त्याआधीची ही शेवटची फेरी. भार्गवीने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हसत मान हलवली.

"यंत्र खोटं बोलत नाय गो पोरी. चार वाजता निघायचंय आम्हाला. बाजूला हो बघू!"

भार्गवीला वाईट वाटलं. पण तिच्या डोक्यातला किडा काही स्वस्थ बसेना. तिघं धावतच टेकाड चढली.

सोसायटीच्या जिन्यावरून धाकूकाका उतरत होते. इमारतीची राखण त्यांच्याकडे. मुलांना पाहताच ते दचकले. परत वर जाऊन त्यांनी गच्चीच्या दाराला घाईघाईने कुलूप घातलं.

"काका, यंत्र नीट चालतंय ना? आम्ही जरा बघू?"

"काही बघायचं नाही! शॉक बसेल! चला, पळा इथून!"

असं म्हणत त्यांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. पण मनस्विनीच्या नजरेतून ते सुटले नाहीत. धाकूकाका खालच्या खोलीत शिरले, तशी ती कुजबुजली, "त्यांचे हात बघितलेस? मनगटापर्यंत लालभडक! भार्गवी, ते रक्त होतं!"

"गप गं!" भार्गवी म्हणाली खरी, पण तीही जागीच थांबली. कारण जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा लाल थेंब होते. एक, दोन, तीन... थेट गच्चीच्या दारापर्यंत!

"परत जाऊ या," मनस्विनीने भार्गवीचा हात ओढला.

भार्गवी खाली वाकली. थेंब अजून ओला होता. तिने त्याला बोट लावलं, वास घेतला आणि डोळे मिटून बोट जिभेला लावलं.

"ई! काय करतेस?"

"आंबट!" भार्गवीचे डोळे चमकले. "रक्त कधी आंबट असतं? रातांब्याचा रस आहे हा! धाकूकाका वर आमसुलं वाळवतायत!"

"आमसुलांचा आणि वाऱ्याचा काय संबंध?" केतनने विचारलं.

"तेच तर बघायचंय. पण कुलूप त्यांनीच उघडायला हवं." तिने पाण्याची बाटली केतनच्या हातात दिली आणि कानात काहीतरी सांगितलं.

केतन गुपचूप धाकूकाकांच्या खिडकीशी गेला. खिडकीवर पत्रा होता. त्याने बाटली उपडी केली. टप, टप, टप, टप!

"काका! पाऊस!" मनस्विनी बोंबलली. "वाळवण भिजलं हो!"

"अरे देवा, माझी आमसुलं!" धाकूकाका चहाचा कप तसाच टाकून धावले. दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले, कुलूप काढलं, दार ढकललं. त्यांच्या पाठोपाठ तिघं आत!

गच्चीभर चटयांवर लाल सालं पसरलेली. भिंतीच्या आडोशातून बाहेर पाऊल टाकताच वाऱ्याने मनस्विनीची ओढणी तोंडावर आणली. आणि कावळे येऊ नयेत म्हणून वर ताणलेलं मासेमारीचं जुनं जाळं यंत्राच्याच खांबाला बांधलेलं! वारा मोजणाऱ्या तीन वाट्या त्या जाळ्यात घट्ट गुरफटल्या होत्या.

"काका! इथे एवढा वारा आणि खाली शून्य दिसतंय!"

"वारा? तो तर इथे रोजच असतो," धाकूकाका गोंधळून म्हणाले. "बोर्ड मी कशाला बघायला जातो?"

भार्गवीने कठड्याशी जाऊन खाली पाहिलं. जानूकाकांची बोट जेटीपासून सुटली होती!

"केतन, लवकर!"

केतनने जाळ्याला हात घातला. गाठी सोडवायला त्याला कोण शिकवणार! बोटं झरझर चालली. एक गाठ, दुसरी, तिसरी... आणि वाट्या गरगर फिरू लागल्या!

"अकरा!" कठड्यावरून मनस्विनी बोर्ड वाचत होती. "सव्वीस... अडतीस... त्रेचाळीस! लाल दिवा लागला!"

जेटीवर केतनची आई, गुणवंतीकाकी, उभी होती. दिवा दिसताच ती पदर हलवत ओरडली, "अहो, मागे फिरा! मागे फिरा!" खाडीच्या तोंडाशी पोहोचलेली बोट क्षणभर थबकली आणि सावकाश वळली.

अर्ध्या तासात आभाळ काळंठिक्कर पडलं. खाडीच्या तोंडावर लाटा पुरुषभर उंच फुटू लागल्या. सारं बंदर नुसतं बघत राहिलं.

तिघं धाकूकाकांबरोबर जेटीवर उतरली, तोवर सोसायटीच्या अध्यक्ष सुनेत्राताई आल्या. धाकूकाका मान खाली घालून उभे होते. "चूक झाली ताई. न विचारता गच्चीवर आमसुलं वाळत घातली. मला वाटलं, एक जाळं बांधलं तर काय होतंय..."

"सहा माणसं होती त्या बोटीत, धाकू!" सुनेत्राताई एवढंच म्हणाल्या. मग मुलांकडे वळल्या. "यंत्र आम्ही बसवलं खरं, पण डोळे उघडे ठेवले ते तुम्ही. शाब्बास!"

जानूकाका ओल्या कपड्यांनी भार्गवीसमोर आले. त्यांनी तिच्या डोक्यावर खरखरीत हात ठेवला.

"तू सांगत होतीस नि मी हसलो. आता नाय हसणार गो, पोरी!"

केतनने आपल्या बाबांचा दुसरा हात घट्ट पकडला होता, तिकडेच भार्गवी बघत राहिली.