दोघी हजर

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. ज्यांना खोटं वाटतंय त्यांनी इथेच थांबा, मला कुणाशी वाद घालायचा नाही.

आणि हो, रात्रबिरात्र काही नव्हती. लख्ख दुपार होती. शाळेच्या अमृतमहोत्सवाची दुपार... पावणेचारची वेळ.

मावशी त्या शाळेत शिकली आणि पुढे तिथेच ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाली. शाळा कॅथलिक, पण स्वतंत्र. कुठल्या मोठ्या संस्थेची शाखा नाही. चार सिस्टर आणि काही पालकांनी भाड्याच्या तीन खोल्यांत सुरू केलेली. सकाळी प्रार्थना, बाराला घंटा, चारला सुट्टी. वसतिगृह नाही, सिस्टरही दुसरीकडे राहायच्या, त्यामुळे चारनंतर तिथे चिटपाखरूसुद्धा नसायचं.

हे लक्षात ठेवा.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. या शाळेत हजेरी दोनदा व्हायची, सकाळी एकदा आणि सुटताना एकदा. सुटतानाची हजेरी बाकावार असायची. एका बाकावर दोघी. सिस्टर बाकाचा नंबर पुकारायच्या आणि खिडकीकडे बसलेली मुलगी दोघींच्या वतीने ओरडायची, "दोघी हजर!"

झटपट काम. मान वर करून कुणी बघायचंही नाही.

मावशी नऊ वर्षांची असताना पाचव्या बाकावर खिडकीकडे बसायची. शेजारी तिची मैत्रीण. सगळे तिला फिरकी म्हणायचे, कारण ती एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ!

आता अमृतमहोत्सवासाठी शाळेचा इतिहास लिहायचं काम मावशीकडेच आलं. दुसऱ्या कुणाला एवढं ठाऊक होतं? तिने एकेका वर्षाचं पान लिहिलं. कोणत्या सिस्टर आल्या, कोणती इमारत बांधली, नाटकाचं बक्षीस कुणी आणलं, सगळं.

तिच्या चौथीच्या वर्षाचं पान मात्र एका ओळीत संपलं. "या वर्षी प्रार्थनागृहाला नवी घंटा मिळाली."

बस्स. फिरकीचं नावसुद्धा नाही.

मावशी घरी एकटीच राहायची. ते पान लिहिलं त्या दिवसापासून तिच्या घरात एक आवाज यायला लागला. रोज दुपारी चारच्या सुमाराला...

टक. टक. टक.

कुणीतरी बोटांच्या पेरांनी दार वाजवावं तसा. दार उघडलं तर बाहेर कुणी नाही.

मी तिला म्हटलं, "अगं, पाण्याचा नळ वाजत असेल."

"नळ नाहीये तो," ती एकदम खेकसली. मावशी माझ्यावर कधी खेकसत नाही.

समारंभाच्या दिवशी मोठ्या सिस्टरना, म्हणजे आताच्या मुख्याध्यापिकांना, एक कल्पना सुचली. त्या नव्या आहेत, त्यांचा काही दोष नाही. त्यांनी सभागृहात जुने बाक मांडले, माजी विद्यार्थिनींना आपापल्या जागी बसवलं आणि म्हणाल्या, "आज जुनी हजेरी घेऊ!"

सगळ्या साठीच्या बायका खिदळायला लागल्या.

हजेरी संपली की वाजवायची पितळी घंटी हवी होती. ती वस्त्रखोलीत. म्हणजे प्रार्थनागृहामागची ती बारकी खोली, जिथे फादरांचे पूजेचे झगे ठेवतात. दणकट दार, बाहेरून कडी, छताजवळ वीतभर झरोका.

मावशी बावन्न वर्षांत त्या खोलीत गेली नव्हती. नोकरीत असतानाही काही आणायचं झालं तर शिपाईमामांना पाठवायची. पण त्या दिवशी शिपाईमामा फाटकाशी गाड्या लावत होते.

"तुम्हीच आणा ना," सिस्टर म्हणाल्या. चारचौघांत नाही कसं म्हणणार?

मावशीने पर्स पाचव्या बाकावर ठेवली आणि गेली.

खोलीत मेणाचा वास होता. घंटी फडताळात समोरच होती. तिने हात पुढे केला... आणि मागे दार लागलं.

मग बाहेरून कडी.

खट्.

तो आवाज मावशीच्या ओळखीचा होता. चांगल्या ओळखीचा.

"कोण आहे? उघडा!"

कुणी नाही. भिंतीपलीकडून हजेरी मात्र स्पष्ट ऐकू येत होती.

"तिसरा बाक?" "दोघी हजर!" हशा.

"चौथा बाक?" "दोघी हजर!"

"पाचवा बाक?"

मावशी जिवाच्या आकांताने ओरडली, "सिस्टर, मी इथे आहे!"

आणि सभागृहातून तिचाच आवाज आला...

"दोघी हजर!"

टाळ्या पडल्या. त्या गडबडीत घंटीची आठवण कुणालाच राहिली नाही. नंतर सगळ्यांनी सांगितलं की खिडकीपाशी एक बाई बसली होती, पाठमोरी. कुणी मान वर करून नीट पाहिलंच नाही.

चारला सगळे पांगले. शिपाईमामांनी विचारलं, "सगळ्या गेल्या का?" सिस्टरनी सांगितलं, "हजेरी झाली की!" कुलूप लागलं. शाळेला चार दिवसांची सुट्टी.

पाचला मी मावशीला फोन केला.

"पोचलीस का गं?"

"हो."

"कशी झाली हजेरी?"

"छान. दोघी होतो."

जुनी मैत्रीण भेटली असेल असं वाटून मला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. "मैत्रिणीकडे राहिलेय," एवढंच बोलली. मीही कामाच्या गडबडीत होते, सोडून दिलं. त्याबद्दल आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन उचलला गेला... पण कुणी बोलेना.

मागे आवाज येत होता. टक. टक. टक.

मग एक लहान मुलगी म्हणाली, "ती केव्हाची दार वाजवतेय."

मी ओरडलेच. "कोण बोलतंय?"

"तिचे तीनच झाले. माझे दहा होते."

फोन बंद.

मावशी शेवटची दिसली होती ती शाळेतच. मी कशी धावले ते माझं मला ठाऊक. शिपाईमामांना घरून उठवलं, सिस्टरना बोलावलं. सभागृहात पाचव्या बाकावर मावशीची पर्स होती. पर्समध्ये फोन. बॅटरी संपून मेलेला.

तिला घंटी आणायला पाठवल्याचं सिस्टरना तेव्हा आठवलं. वस्त्रखोलीची कडी काढली तेव्हा मावशी कोपऱ्यात बसली होती. ओठ फाटलेले, दोन्ही हातांची पेरं सोललेली. फुलदाणीतलं कुजकं पाणी पिऊन जगली होती. मी तिला कवटाळलं. पण तिने आधी शिपाईमामांकडे बघितलं आणि म्हणाली, "कडी मी लावली होती."

आम्हाला काही कळेना.

मग तिने सगळं सांगितलं. तिथेच, जमिनीवर बसून.

बाराची घंटा ओढायची पाळी बाकावार असायची. त्या आठवड्यात पाळी पाचव्या बाकाची होती. फिरकीने आठवडाभर दोर मावशीच्या हातात दिलाच नाही, वर वाकुल्या दाखवल्या. शेवटच्या दिवशी, शाळा सुटायच्या जरा आधी, मावशीने डाव साधला. काहीतरी गंमत दाखवते म्हणून तिला वस्त्रखोलीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. दहा मिनिटांपुरती.

तेवढ्यात सुटतानाची हजेरी पुकारली. पकडले जाऊ म्हणून मावशी ओरडली, "दोघी हजर!" घंटा झाली, शाळा सुटली, फाटकाला कुलूप लागलं.

दहा दिवसांची सुट्टी होती.

त्या संध्याकाळी फिरकीची आई दारात आली. "बाळा, ती तुझ्याबरोबरच निघाली ना?"

मावशी म्हणाली, "हो."

रजिस्टरात हजर, मैत्रीणही हो म्हणतेय. मग शाळेत कोण शोधणार? लोकांनी नदी शोधली, बसथांबे शोधले. मावशी तापाने फणफणत पांघरुणात पडून होती आणि एक शब्द बोलली नाही. अकराव्या दिवशी शाळा उघडली. कडी लावल्याचा ठपका त्या वेळच्या शिपायावर आला आणि त्या बिचाऱ्याची नोकरी गेली.

"सांगितलं का नाहीस गं?" मी विचारलं. मला तिची दया येत होती आणि संतापही येत होता.

"पहिल्या दिवशी मार पडेल म्हणून. मग रोज जास्तच भीती वाटत गेली."

मावशीने ते पान नव्याने लिहिलं. फिरकीचं खरं नाव घालून, स्वतःचंही घालून. शाळेने ते छापलं. पण फिरकीची आई कधीच गेली, तो शिपाईही गेला. माफी मागायला उरलंय कोण?

एक उरलीय.

माझ्या मोबाइलवर ते तिन्ही फोन अजून दिसतात. किती मिनिटं बोलले, तेही. मावशीच्या मोबाइलमध्ये एकाचीही नोंद नाही, तो पहिल्या दुपारीच बंद पडला होता.

आता मावशी माझ्याकडे असते. तिच्या हट्टापायी घरातल्या एकूण एक दाराच्या कड्या मी काढून टाकल्यात. न्हाणीघराचीसुद्धा.

काल दुपारी चारला मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "मावशी, चहा ठेवू का?"

आतल्या खोलीतून लगेच उत्तर आलं. मावशीच्याच आवाजात.

"दोघींना ठेव."

मी मागे वळले. मावशी माझ्या पाठीशीच स्टुलावर बसली होती. दोन्ही हातांनी तोंड दाबून.

आतल्या खोलीचं दार हळूहळू लागलं.

आणि मग कडी.

खट्.

त्या दाराला कडी नाहीये हो. मी स्वतःच्या हातांनी काढलीये.