मुद्दाम हरणारा माणूस

“सांजोऱ्या!”

शेजारचा माणूस एवढंच बोलला, आणि सारिकाने मांडीवरचा डबा चटकन छातीशी धरला.

जळगाव स्टँडवरून पिंप्राळ्याला निघालेली रिक्षा होती. तिघांच्या जागेत चौघं कोंबलेले, आणि जूनचं ऊन असं की सीटलाही हात लावू नये. सारिका देवरे पहाटेच्या गाडीने धुळ्याहून आली होती. नव्या शाळेतला पहिला दिवस. आईने निघता निघता डबा हातात कोंबला होता, आणि आता कोण कुठला हा माणूस त्या डब्यात नाक खुपसत होता!

“तुम्हाला काय करायचंय?” ती म्हणाली.

“काही नाही. वास आला म्हणून म्हटलं. गुळाच्या आहेत. तुपात तळलेल्या.”

“चूक. पोहे आहेत.”

धडधडीत खोटं बोलली ती. पण काही माणसांना पहिल्याच भेटीत बरोबर ठरवणं धोक्याचं असतं, पुढे डोक्यावर बसतात.

“पोहे?” त्याने भुवया उंचावल्या. डोळे मात्र हसत होते. “तुमच्याकडे पोह्यात वेलदोडा घालतात वाटतं…”

सारिकाने तोंड फिरवलं. रिक्षा शाळेच्या फाटकाशी थांबली तेव्हा ती उतरली, आणि मागोमाग तोही उतरला. हितेंद्र महाजन, चित्रकलेचे सर. गाव रावेर, घरी केळीची शेती, आणि वासावरून पदार्थ ओळखण्यात अख्ख्या पिंप्राळ्यात नाव काढलेला! मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबा उघडला गेला. हितेंद्रने एक सांजोरी उचलली, शांतपणे संपवली, आणि हात पुसत म्हणाला, “पोहे छान झालेत, मॅडम.”

कुणालाच काही कळलं नाही. सारिका मात्र कानापर्यंत लाल झाली.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. शाळेत मात्र गंमत नव्हती. पलीकडच्या वस्तीतली एक छोटी शाळा मुलं कमी म्हणून बंद पडली होती आणि तिथली मुलं यंदा या शाळेत आली होती. ती मागच्या बाकांवर बसायची. डबे कडुलिंबाच्या झाडाखाली, आपले आपणच खायची. जुनी मुलं त्यांना नावाने हाक मारत नसत. ‘ए, त्या शाळेवाल्या’ म्हणत. नाजमीन नावाची नववीतली एक मुलगी तर जून-जुलैभर हजेरीला ‘हजर’ म्हणण्यापलीकडे एक शब्द बोलली नव्हती.

मुख्याध्यापिका सुनंदाबाईंनी सारिकाला बोलावून घेतलं. “देवरे, तू तरुण आहेस. भाषणं देऊन मुलं एक होत नाहीत, ते मी तीस वर्षं करून पाहिलंय. तू काहीतरी वेगळं कर.”

सारिका विज्ञान शिकवायची. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी आलेली, तीही दिवाळीपर्यंतच. चार महिन्यांची पाहुणी काय करणार? पण भादव्याची पौर्णिमा जवळ आली आणि तिला गुलाबाई आठवली. आपल्या खान्देशात कोणाला सांगायला नको: कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी घरोघरी जमतात, मातीच्या गुलाबाईपुढे गाणी म्हणतात, आणि शेवटी बंद डबा पुढे येतो. आत काय खाऊ आहे ते ओळखा! डबा हलवा, वास घ्या, गोड की तिखट ते विचारा. कुणालाच ओळखता आलं नाही, तर खाऊ करणारीची कॉलर ताठ.

सारिकाने हाच खेळ शाळेच्या हॉलमध्ये मांडला, आणि एकच नियम घातला. खाऊ दोघांनी मिळून करायचा, एक जुना आणि एक नवा. मुलगेही सुटणार नाहीत.

पहिले दोन दिवस नाराजी. तिसऱ्या दिवसापासून मात्र पोरं एकमेकांची घरं शोधत फिरू लागली. कुणाच्या चुलीवर शेंगदाण्याचे लाडू वळले, कुणाच्या गच्चीत केळीचे वेफर्स तळले गेले. हितेंद्र मुलांना घेऊन काळ्या मातीची गुलाबाई घडवायचा आणि दुपारी वर्तुळात पहिल्या रांगेत बसायचा. त्याच्या नाकाला हरवणं हा मुलांचा पण झाला. पहिल्या आठवड्यात कुणाला जमलं नाही.

“सर, तुम्ही चोरून बघता!” पोरं ओरडायची.

“देवरे मॅडमना विचारा. माझं नाक कधी चुकलंय का?”

“एकदा चुकलं होतं,” सारिका गंभीर चेहऱ्याने म्हणायची. “पोह्यांच्या वेळी.”

आणि दोघं एकमेकांकडे बघून हसायची… जरा जास्तच वेळ.

मग एके दिवशी पाळी आली रूपाची आणि नाजमीनची. रूपा जुन्यांतली, वर्गाची मॉनिटर, तोंडाने फटाकडी. नाजमीन खाली बघून डब्यावर दोन्ही हात ठेवून बसलेली. बाहेर बारीक भुरभुर चालू होती. डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं. गुळगुळ्यांचा वास, बडीशेपेचा, गुळाचा, सगळ्या हॉलभर पसरला होता. पहिलीतल्या पोरानेही ओळखलं असतं. मुलं मात्र परंपरेप्रमाणे आधी सरांकडे बघत होती.

हितेंद्रने डबा हलवला. कानाला लावला. डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

“चकल्या,” तो म्हणाला.

आणि नाजमीन, जी तीन महिने तोंड उघडत नव्हती, ती ताडकन उभी राहिली. “हरले! सर हरले! गुळगुळे आहेत! मी आणि रूपाने केलेत! आमच्या घरी केलेत!” रूपाने तिला मिठी मारली आणि दोघी जागच्या जागी नाचू लागल्या.

सगळे हसत होते. सारिकाला मात्र डोळे पुसावे लागले. तिने हितेंद्रकडे पाहिलं. तो कपाळावर हात मारून ‘नाक बिघडलं बुवा’ असं नाटक करत होता, आणि त्याच क्षणी तिला कळून चुकलं की हा माणूस आता आपल्याला काही सुखाने झोपू देणार नाही. प्रेम म्हणतात ते हेच. उगाच दुसरं नाव कशाला द्या!

शाळा सुटल्यावर तिने त्याला व्हरांड्यात गाठलं. पागोळ्या गळत होत्या. दोघांना एकाच बाजूला उभं राहणं भाग होतं.

“मुद्दाम हरलात ना?”

“कोण, मी? छे…”

“सर, बडीशेपेचा वास मलासुद्धा आला. आणि मला तर सर्दी झालीय.”

तो हसला. मग पागोळ्यांकडे बघत म्हणाला, “जिंकून मला काय मिळणार होतं, मॅडम? एक गुळगुळा. तो तसाही मिळालाच असता.”

त्यानंतर हितेंद्रचं नाक बिघडलं ते बिघडलंच. एखादं बुजरं पोर डबा घेऊन पुढे आलं की तो हमखास चुकायचा. महिना सरता सरता लिंबाखालची आणि वर्गातली डब्यांची दोन रिंगणं केव्हा एक झाली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कोजागिरी आली. शेवटचा दिवस शिक्षकांचा. नियम सगळ्यांना सारखा, तेव्हा पोरांनी एकमुखाने निकाल दिला, “देवरे मॅडम नव्या! महाजन सर जुने! त्यांनी मिळून करायचं!” रूपा आणि नाजमीन एकमेकींना कोपर मारत खुदखुदत होत्या. आजकालच्या पोरांना काय सांगायचं? त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.

सुनंदाबाईंचं घर शाळेला लागूनच. दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात सारिका खाऱ्या शंकरपाळ्या लाटत होती आणि हितेंद्र कढईपाशी उभा होता. सुनंदाबाई ‘मी जरा हॉलमध्ये बघून येते’ म्हणून ज्या गेल्या त्या परतल्या नाहीत. मुरलेल्या मुख्याध्यापिका होत्या त्या.

सारिकाच्या मनात सकाळपासून एक गोष्ट घोळत होती. ती बोलली नाही तर दिवाळीला बॅग भरून निघून जायचं होतं, आणि मग विषयच संपला असता. तिने लाटणं फिरवत फिरवत, जणू काही विशेष नाही अशा आवाजात सांगितलं, “काल धुळ्याच्या शाळेतून फोन आला. मला घेतलंय त्यांनी. कायम. दिवाळीनंतर रुजू व्हायचंय.”

“अरे वा! अभिनंदन.” झारा कढईत फिरत राहिला.

“आणि… रविवारी घरी पाहुणे येणार आहेत. बघायला. नाशिकचे. मुलगा इंजिनिअर आहे.”

झारा थांबला. पुन्हा फिरला.

“चांगलं आहे की,” हितेंद्र म्हणाला. “नाशिकचं हवापाणी छान असतं.”

“हवापाणी?”

“हो. थंड असतं ना जरा. जळगावसारखं नाही.”

सारिकाने लाटणं पोळपाटावर आपटलं. तिचा आवाज कापत होता, आणि तो रागाने की रडू येत होतं म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं.

“मुलांपुढे हरता ना तुम्ही, ते मला आवडलं. इतकं आवडलं की… जाऊ दे. पण मी नववीतली मुलगी नाही, सर! माझ्यापुढेही मुद्दाम हरणार? कोण कुठला नाशिकचा माणूस, त्याला मी पाहिलंही नाही, आणि तुम्ही त्याला डबा देऊन मोकळे? एकदा, एकदा तरी म्हणायचं होतं की नको जाऊ.”

“मी कसं म्हणू?” तो वळला. त्याचा चेहरा पडला होता. “तुम्हाला कायम जागा मिळाली. घरचे आनंदात असतील. मी चित्रं शिकवणारा माणूस. तुमच्या वाटेत उभं राहायचं म्हणजे…”

“वाटेत उभं राहा असं कोण म्हणतंय? नोकरी मी सोडणार नाही, ते आधीच सांगते. धुळ्याला जाणार म्हणजे जाणार. मी फक्त विचारतेय की तुम्हाला काय हवंय. तुमच्या मनात काय आहे ते सांगायला तुम्हाला इतकी भीती वाटते?”

शाळेत, स्टाफरूममध्ये, पालकांपुढे हितेंद्र अगदी नीट, पुस्तकातली मराठी बोलायचा. पण आता जे बाहेर आलं ते थेट रावेरच्या मळ्यातून आलं.

“मले तुम्ही पायजे.”

बाहेर हॉलमध्ये पोरींनी गाणं धरलं होतं. टाळ्यांचा आवाज येत होता.

“पयल्या दिवसापासून,” तो घाईघाईने म्हणाला, जणू आता थांबला तर पुन्हा धीर व्हायचा नाही. “रिक्षात तुम्ही पोहे म्हणून खोटं बोलल्या ना, तेव्हापासून. नोकरी सोडू नका. धुळं काही लांब नाही, मी येत जाईन. रविवारी येऊ का? आमच्या आबांना घेऊन येतो. नाशिकवाले सकाळी येणार असतील तर आम्ही त्यांच्याआधी येतो. पहाटे निघतो!”

सारिकाला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू, अशी तिची तऱ्हा झाली.

“बोला ना काहीतरी,” तो काकुळतीने म्हणाला. “हो की नाही, तेवढं तरी…”

तिने उत्तर दिलं नाही. हाताचं पीठ पदराला पुसलं, फोन उचलला आणि आईचा नंबर लावला. कढईतून जळका वास येऊ लागला होता. ज्याच्या नाकाचा डंका पिंप्राळ्यात वाजत होता, त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

“माय,” सारिका फोनवर घरच्या अहिराणीत म्हणाली, “रविवारले त्या नाशिकवालास्ले नको बलाऊ.”

पलीकडून आईचा आवाज एवढा मोठा आला की हितेंद्रलाही ऐकू गेला. “का व? काय व्हयनं?”

“दुसरं ठिकान शे.”

“कोठलं?”

“रावेरनं. मनी शाळामाच शे. पोरेस्ले चित्र काढनं शिकाडस.”

आईचा आवाज जरा खाली आला. “पोऱ्या कसा शे?”

सारिकाने त्याच्याकडे पाहिलं. झारा हातात तसाच धरून तो श्वास रोखून उभा होता. कपाळावर घाम, शर्टावर मैदा.

“चांगला शे. जराखा येडा शे.”

“त्याना घरना काय म्हनतस?”

“माले माहीत नही. रविवारले येतीन, तव्हय तूच इचारी ले.”

“आनि तू? तू काय म्हनस?”

सारिकाने हात पुढे करून गॅस बंद केला. त्याच्याकडे बघत, होकाराची मान हलवत तिने आईला सांगितलं, “मी त हा म्हनी दिन्हं, माय.”