जुळणांक चौतीस

सोलापुरातल्या एका श्वानगृहात शिरल्याबरोबर सुलोचना माळगेंनी मनगटावरचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. चौदा दिवस तो त्यांच्या हातावर होता. त्या किती चालतात, कधी झोपतात, आवाज कधी चढतो, नाडी कशी चालते, सगळं त्यानं टिपलं होतं. श्वानगृहातल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यातही तसाच पट्टा असे. दोन्ही नोंदी यंत्रात घातल्या की माणसाला कोणतं कुत्रं मानवेल याचा आकडा यायचा. त्याला जुळणांक म्हणत.

श्वानगृहाचे डॉ. इरफान बागवान पडदा बघून हसले. "मावशी, तुमचं नशीब चांगलं. मोतीशी अठ्ठ्याऐंशी!"

मोती कोपऱ्यात पसरला होता. नऊ वर्षांचा, जाडजूड. नाव ऐकून त्यानं एक डोळा उघडला आणि लगेच मिटला.

सुलोचनाबाईंचं लक्ष मात्र पलीकडच्या जाळीकडे होतं. तिथे कारवानी जातीची एक तरणी कुत्री उभी होती. लांबसडक पाय, आत ओढलेलं पोट, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"हिचा आकडा किती?"

डॉक्टरांनी पडदा पुढे सरकवला. "चौतीस. मावशी, ही धावायला जन्मलेली जात. तुम्ही दिवसाला अकराशे पावलं चालता. रिटायर झाल्यापासून दुपारचे चार तास तुम्ही खुर्चीत असता. साठच्या खाली आम्ही कुत्रं देत नाही. पूर्वी लोक रूप बघून न्यायचे आणि महिन्याभरात हायवेवर सोडून द्यायचे. हे यंत्र आल्यापासून तीन वर्षांत एकही कुत्रं परत आलेलं नाही."

ते खोटं बोलत नव्हते, हे सुलोचनाबाईंना कळत होतं. पण एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर म्हणून उभं राहून काढलेल्या बाईला कुणीतरी आकड्यानं 'खुर्चीतली' म्हणावं, हे त्यांना लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

"अर्जाच्या शेवटी एकवीस दिवसांची पडताळणी लिहिलीय," त्या म्हणाल्या. "आकडा मान्य नसेल तर कुत्रं घरी नेऊन बघता येतं."

"आहे खरी. पण आजवर कुणी मागितली नाही."

"मी मागते."

कुत्रीचं नाव त्यांनी कवडी ठेवलं आणि पहिल्याच सकाळी पस्तावल्या. कंबर तलावाच्या रस्त्यावर एक बगळा उडाला, कवडी सुसाट निघाली आणि सुलोचनाबाई गुडघ्यावर आपटल्या. चौथ्या दिवशी तिनं गादी फाडून घरभर कापूस केला. पडताळणीसाठी सुलोचनाबाईंनी पट्टा पुन्हा बांधला होता; दोघींच्या पट्ट्यांची नोंद रोज रात्री मोबाइलवर येई. त्या दिवशीचा जुळणांक होता एकोणतीस.

"यंत्र माझ्यापेक्षा शहाणं दिसतंय," त्या कापूस गोळा करत कवडीला म्हणाल्या. सकाळी परत नेऊन द्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

सकाळी निघाल्याही. वाटेत महापालिकेच्या बंद शाळेचं मैदान लागलं. चारी बाजूंनी भिंत, एकच फाटक, आणि फाटकाशी चहा पीत बसलेले चौगुले वॉचमन. जाण्याआधी बिचारीला एकदा तरी मनसोक्त धावू द्यावं, म्हणून त्यांनी विचारलं. चौगुल्यांनी फाटक उघडलं.

दोरी सुटताच कवडी जी धावली, ते बघत सुलोचनाबाई गुडघा विसरल्या. भिंतीच्या कडेनं तिच्या फेऱ्यांवर फेऱ्या चालल्या होत्या, पाय जमिनीला लागतायत की नाही कळत नव्हतं. बाई मधोमध उभ्या राहिल्या, मग तिच्याबरोबर नजर फिरावी म्हणून हळूहळू चालू लागल्या. अर्ध्या तासानं कवडी आपणहून येऊन त्यांच्या पायाशी धापा टाकत बसली.

"उद्या सहाला उघडाल का?" त्यांनी चौगुल्यांना विचारलं.

त्या दिवशी श्वानगृहात जाणं झालंच नाही.

मग रोज सहाचा नेमच झाला. चौगुल्यांच्या चहात सुलोचनाबाईंचा एक कप वाढला. गुडघा पहिले काही दिवस कुरकुरला, मग गप्प झाला. दुपारी त्या खुर्चीत बसून बहिणीशी फोनवर तासभर बोलत तेव्हा कवडी त्यांच्या पावलांवर मान टाकून झोपे. फोन संपला की डोळे उघडून बघे, बोलणं का थांबलं म्हणून.

एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी नोंदी यंत्रात घातल्या. आकडा आला एकाहत्तर. त्यांनी पुन्हा घातल्या. एकाहत्तरच.

"तुमची पावलं चार हजारांवर गेलीत, ते समजलं," ते पुटपुटले. "पण एवढ्यानं आकडा दुप्पट होत नाही." त्यांनी कवडीची नोंद उघडली आणि बराच वेळ बघत राहिले. "मावशी, हिची दुपारची नाडी बघा. तुम्ही बोलत असता तेव्हा संथ होते. ही कुत्री इथे दुपारी कधीच झोपली नव्हती. तुम्ही तिच्याकडे सरकलात तशी तीही तुमच्याकडे सरकलीय. आम्ही त्या दिवशी फक्त त्या दिवसाच्या दोघी मोजल्या होत्या."

सुलोचनाबाई खूश होऊन कवडीचे कान चोळत होत्या. डॉक्टर मात्र हसत नव्हते. त्यांनी पडद्यावर एक यादी काढली होती.

"साठच्या खाली आले म्हणून मी परत पाठवलेली माणसं. दोनशे शहाऐंशी. मला अभिमान वाटायचा या यादीचा."

"मग लावा की फोन त्यांना."

"लावीन. पण पुढचं ऐका. तुमची नोंद यंत्राला शिकवली, की माणूस बदलतो हे त्याला कळेल. मग ते कोण बदलेल आणि कोण नाही, याचाही आकडा काढू लागेल. आणि ज्याचा तो आकडा कमी येईल, त्याला आम्ही पुन्हा दारातूनच परत पाठवू. शिकवू की नको?"

सुलोचनाबाईंचा हात कवडीच्या मानेवर थांबला. गुडघा सोलवटून त्या रस्त्यावर बसल्या होत्या, घरभर कापूस वेचला होता, ते दिवस त्यांना आठवले.

"डॉक्टर," त्या सावकाश म्हणाल्या, "त्या पहिल्या दिवशी तुम्ही मलाच विचारलं असतं, मावशी, तुम्ही बदलाल का, तर मी तरी काय सांगितलं असतं?"